सकाळी दहाला भरणारी नवी पेठ

संध्याकाळी सहाला सोलापुरात दत्त चौकाकडून नवी पेठेत शिरलेला माणूस गाडी लावायला जी जागा शोधत असतो, ती सकाळी सव्वादहालाच गेलेली असते. घेणारा परका नसतो. समोरच्याच दुकानाचे मालक, त्यांचा मुलगा आणि कामावरची दोन-तीन पोरं यांच्या गाड्या शटर उघडतानाच ओळीने उभ्या राहतात आणि रात्री शटर पडल्यावरच हलतात. मग दुपारी तेच मालक दारात उभे राहून सांगतात, "पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येईना की हो."

सोलापुरात हा विषय निघाला की गाडी थेट बहुमजली वाहनतळावर जाते. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांच्या वर गेलेलं होतं, तरी कापड घ्यायला, दागिना मोडायला, मोबाईल बघायला माणूस अजून त्याच पट्ट्यात येतो: नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती, कोंतम चौक. या गल्ल्या रुंद होणार नाहीत. आपल्या हातात आहेत ते जागेचे तास.

हिशेब साधा आहे. समजा दुकानाची दर्शनी रुंदी ६ मीटर. काटकोनात लावल्या तर तिथे ७ दुचाकी बसतात. बाजार सकाळी १० ते रात्री ९, म्हणजे ११ तास. गिऱ्हाईक ४० मिनिटं थांबतं आणि मधे पाचेक मिनिटं जागा रिकामी राहते असं धरलं, तर एका जागेवर दिवसाला १४ गाड्या होतात, सात जागांवर ९८. त्यातल्या ४ जागा दुकानाच्याच गाड्यांनी धरल्या की उरतात ३ जागा आणि ४२ गाड्या. म्हणजे चार गाड्या दुसरीकडे नेल्या तर ५६ गिऱ्हाइकांची सोय होते. दुपारी बाजार निवांत असतो म्हणून हा आकडा निम्मा करा, तरी २८ उरतात. हे एका शटरपुढचं झालं.

आधी मोजणी

पट्टे, बोर्ड, टेंडर यांच्या आधी मोजणी. त्यासाठी यंत्र लागत नाही, पॅड आणि पेन पुरतं. रस्त्याच्या एका बाजूचा २०० ते २५० मीटरचा तुकडा एका माणसाला द्यायचा. दर अर्ध्या तासाला त्याने एक फेरी मारायची आणि प्रत्येक गाडीपुढे तीनच गोष्टी लिहायच्या: कितव्या शटरपुढे, नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि दुचाकी, चारचाकी, रिक्षा की मालाची गाडी. सकाळी ९.३० ते रात्री ९.३० अशा २५ फेऱ्या होतात. शंभर-सव्वाशे गाड्या टिपायला वीस मिनिटं लागतात, उरलेली दहा मिनिटं चहा-पाण्याला. फोनवर चालत व्हिडिओ घेऊन नंतर घरी बसून उतरवला तरी चालतं, फक्त संध्याकाळी सातनंतर दुकानांच्या एलईडीच्या झगमगाटात नंबरप्लेट पांढरीफटक येते, तेव्हा पेनच बरं.

मधल्या वारचा एक दिवस आणि रविवारचा एक दिवस मोजावा. दिवाळीआधीचा पंधरवडा, ऐन लग्नसराई आणि गड्ड्याचे (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस टाळावेत. मे महिनाही टाळावा. तेव्हा दुपारी एक ते पाच बाजारात चिटपाखरू नसतं आणि जे येतात ते पट्ट्याकडे न बघता सावलीकडे बघतात. उत्तर-दक्षिण गल्लीत दुपारनंतर पश्चिमेकडच्या इमारतींची सावली त्यांच्याच पायाशी पडते, त्यामुळे ती बाजू गच्च भरते आणि समोरची उन्हाची बाजू रिकामी. ४२ अंशांत तासभर तापलेल्या सीटवर एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा नियम पाळत नाही.

मोजणीतून तीन आकडे काढायचे: कोणत्या वेळी किती जागा भरलेल्या होत्या, एक गाडी सरासरी किती वेळ थांबली, आणि एका जागेवर दिवसात किती गाड्या झाल्या. जो नंबर १६ किंवा त्याहून जास्त फेऱ्यांत दिसला तो जवळपास आठ तास हलला नाही, म्हणजे तो बाजारातला माणूस. अशा गाड्या वेगळ्या रंगाने खुणावल्या की कागदच बोलायला लागतो. शक्य असेल तर सिरीजही टिपावी. एमएच १३ आपली. एमएच २५ म्हणजे तुळजापूर-धाराशिवकडचे, एमएच ४५ अकलूजकडचे, केए २८ विजापूरकडचे, केए ३२ कलबुर्गीचे. बाहेरगावचं गिऱ्हाईक बहुधा चारचाकीने, चार-पाच माणसं घेऊन, बस्ता बांधायला येतं आणि तीन-चार तास थांबतं. त्याला दुकानाच्या दारात जागा नको असते. गाडीला खरचटणार नाही आणि कुणी उचलून नेणार नाही अशी जागा त्याला हवी असते, मग तो दहा मिनिटं चालतो.

मोजणीत एक फसगत नेहमी होते. पॅड घेतलेला माणूस दिसला की "अतिक्रमणवाले आले" अशी हूल उठते, बाहेरचे पुतळे आणि हँगरचे स्टँड झटकन आत जातात आणि जागा एकदम वाढलेली दिसते. म्हणून पहिल्या दिवसाचे पहिले दोन तास हिशेबात धरू नयेत.

रस्ता मापताना

रुंदी शटर ते शटर मापायची नाही. पायरी, ओटा, विजेची पेटी (डीपी), खांब, गटाराचं उचकटलेलं झाकण हे सगळं वजा करून जे उरतं ते माप, आणि तेही गल्लीच्या सगळ्यात अरुंद ठिकाणी. नकाशावर नऊ मीटर लिहिलेला रस्ता जागेवर सात-साडेसात भरतो.

समजा साडेसात मीटर मिळाले. दोन मीटर दुचाकींना, साडेतीन मीटर एकेरी वाहतुकीला, दोन मीटर चालणाऱ्यांना. संपलं. एवढ्या रुंदीत दुतर्फा वाहतूक आणि दोन्ही बाजूंना गाड्या हे बसतच नाही, बसवलं तर चालणारी माणसं मधोमध येतात. साडेतीन मीटर सोडायचे ते अग्निशमनच्या बंबासाठीही. बंब अडीच मीटर रुंद धरला तरी आरसे आहेत, बाजूने पाईप घेऊन पळणारी माणसं आहेत. कापडाच्या गल्लीत ही रुंदी तडजोडीला काढायची गोष्ट नव्हे.

दुचाकी काटकोनात लावाव्यात की तिरप्या, यावर वाद होतात. मोटरसायकल साधारण दोन मीटर लांब आणि हँडलला ७२ सेंटिमीटर रुंद. काटकोनात ती रस्त्याचे २ मीटर खाते आणि कडेचे ८० सेंटिमीटर. ४५ अंशांत तिरपी केली तर रस्त्यात १.९२ मीटर येते, म्हणजे वाचले आठ सेंटिमीटर, आणि कडेचे मात्र १.१३ मीटर जातात. सात गाड्यांच्या जागेत पाचच बसतात. रस्ता खरंच वाचवायचा तर ३० अंशांपर्यंत तिरपी करावी लागते, तेव्हा १.६२ मीटर येते, पण कडेचे १.६ मीटर जातात, म्हणजे गाड्या निम्म्या. तेव्हा दुचाकी काटकोनातच. तिरपी ओळ डोळ्यांना शिस्तीची वाटते, तेवढंच.

साईड स्टँडचाही प्रश्न आहे. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि हँडल वळवून लॉक केलं की शेजारच्या जागेत घुसते. म्हणून ८० सेंटिमीटरच्या खाली जागा आखू नये. कागदावर ७० ने आखली की सहा मीटरांत एक गाडी वाढते, प्रत्यक्षात मधली गाडी काढायला दोन्हीकडच्या उचलाव्या लागतात आणि एक पडली की ओळच्या ओळ आडवी होते. दर दहा गाड्यांमागे एक मीटरची फट सोडायची, माणसाला पायरीपर्यंत जायला. ती सोडली नाही तर दुकानदार स्वतःच दोन कुंड्या आणून फट तयार करतो, आणि ती दीड मीटरची असते.

चारचाकी या गल्ल्यांत फक्त समांतर लागू शकते: ६ मीटर लांब, दोन-सव्वादोन रुंद. तेवढ्याच कडेत सात दुचाकी बसतात, म्हणून गल्लीच्या आत चारचाकी नकोच. अपवाद अपंगांच्या गाड्यांचा. बाजूची दोन चाकं लावलेल्या स्कूटरला सव्वा मीटर रुंदी धरावी आणि अशा जागा चौकाजवळ, पायरीऐवजी उतार असलेल्या ठिकाणी द्याव्यात. रिक्षांना चौक ओलांडल्यानंतरच्या बाजूला १५ मीटर, त्यात पाच उभ्या राहतात. चौकात शिरण्याआधीच्या बाजूला थांबा दिला की सिग्नल सुटल्यावर पहिली अडते ती रिक्षाच.

सम-विषम: उपयोग काय, घोळ काय

पी-वन, पी-टूने, म्हणजे विषम तारखेला एका आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावल्याने, जागा एकही वाढत नाही. त्याचा उपयोग एवढाच की दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना त्रास सारखा वाटला जातो आणि एका बाजूचा रस्ता रोज मोकळा राहतो, झाडलोटीला आणि गटार काढायला. तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे.

घोळ महिनाअखेरीला होतो. ३१ तारीख विषम आणि पुढची १ तारीखही विषम, म्हणजे सलग दोन दिवस गाड्या एकाच बाजूला. त्या दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली चुकीच्या बाजूला लावते, आणि नेमकी टोइंगची गाडी त्याच दिवशी आली की भांडण ठरलेलं. बोर्डावर नुसतं "सम" लिहू नये, "२, ४, ६… ३०" असं लिहावं. आणि महिन्याच्या १ तारखेला दुपारपर्यंत फक्त भोंग्यावरून समज द्यावी.

कायद्याची साखळी

पट्टे मारले म्हणजे पार्किंग झालं असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, तोही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. रहदारीच्या नियमनाचे आदेश पोलीस आयुक्तांचे, त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ चा आधार. म्हणजे पट्टा आणि बोर्ड महापालिकेचा, आदेश पोलिसांचा. दोन्ही एकाच नकाशावर नसतील तर दंडाला कुणीही हरकत घेतो आणि ती टिकते.

क्रम असा ठेवावा. वाहतूक शाखा आणि पालिकेचा अभियंता यांनी एकत्र पाहणी करायची, शटरनिहाय नकाशा काढायचा. तात्पुरता आदेश काढून हरकती-सूचना मागवायच्या. हरकती ऐकताना व्यापाऱ्यांच्या बरोबरीने रिक्षावाले, हमाल आणि फेरीवाल्यांचे प्रतिनिधी बोलवायचे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे त्यांच्या जागा शहर फेरीवाला समितीच्या शिफारशीने ठरवायच्या असतात, म्हणून फेरीवाल्यांच्या जागा आणि गाड्यांच्या जागा एकाच कागदावर हव्यात. दोन खात्यांनी दोन कागद केले की एकाच कोपऱ्यावर गाडीचा पट्टाही येतो आणि भेळेचा गाडाही. मग अंतिम आदेश, बोर्ड, पट्टे, पंधरा दिवस नुसती समज आणि त्यानंतर दंड.

एक अडचण खरी आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत गाडी उभी करू नये असं आहे. जुन्या पेठांत दोन चौकांमधलं अंतरच कधी कधी शंभर-सव्वाशे मीटर असतं. नियम शब्दशः लावला तर गल्लीत जागाच उरत नाही, अजिबात लावला नाही तर कोपऱ्यावरची गाडी वळणारी बस अडवते. म्हणून वळणाचा कोपरा पूर्ण मोकळा, पुढच्या जागा मात्र नाव घेऊन, आदेशात लिहून आखलेल्या असाव्यात. "इथे चालतंय की" यावर सोडलेल्या जागा नकोत.

पट्टे आणि बोर्ड

साधा रोड पेंट दोन पावसाळेसुद्धा बघत नाही. थर्माप्लास्टिक घ्यावं: १० सेंटिमीटर रुंद पट्टा, अडीच मिलिमीटर जाडी, वर काचेचे मणी. मारण्याआधी रस्ता झाडून चालत नाही, हवेने धूळ उडवावी लागते. सोलापूरची बारीक धूळ खाली राहिली की पट्टा पापडासारखा निघतो. काँक्रीटवर प्रायमर हवाच. पेव्हर ब्लॉकवर थर्माप्लास्टिक मारूच नये, प्रत्येक सांध्यावर तडकतं. तिथे वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवून रेघ काढायची, ती ब्लॉक आहे तोवर राहते.

बोर्डाची खालची कड किमान २.१ मीटरवर, आणि दर ३०-४० मीटरला एक, बाणासह, कुठून कुठपर्यंत ते सांगणारा. पावसाळ्यात दुकानाची ताडपत्री बोर्डावर येते. त्याहून मोठा शत्रू वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, त्याला बांधायला पार्किंगच्या बोर्डाचा खांब इतका सोयीचा असतो की काय सांगावं. फ्लेक्सखाली झाकलेल्या बोर्डावर दंड केला आणि गाडीवाल्याने फोटो काढला, तर तो दंड गेला. टोइंगच्या पथकाने रोज निघण्याआधी बोर्ड दिसतात की नाही ते बघून दोन फोटो घ्यावेत.

दुकानांच्या गाड्या कुठे न्यायच्या

इथे खरी मेख आहे. हटवा म्हणणं सोपं, पण कामावरच्या पोराला गाडी कुठे लावायची ते सांगितल्याशिवाय तो हटत नाही. पार्क चौकाकडची, स्टेडियमच्या आसपासची जागा नवी पेठेतून चालत पाच-सात मिनिटांवर. तिथे दुकानांसाठी महिना पास. पास माणसाच्या नावावर देऊ नये, दुकानाच्या नावावर द्यावा, कारण कामावरची माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात. रात्री साडेनऊला गाडी काढायला जाणाऱ्या मुलींचा विचार करून त्या वाटेवर उजेड आणि एक माणूस दहापर्यंत हवा. ही एक गोष्ट राहिली की पंधरा दिवसांत सगळ्या गाड्या परत दुकानापुढे येतात, आणि मग लावणाऱ्यांना बोलायला आपल्याला तोंड राहत नाही.

मालकाची गाडी हा वेगळा विषय. "मालक, जरा पुढं लावा की," असं कामावरचं पोर म्हणू शकत नाही आणि पावती फाडणारा पोरगा तर नाहीच. म्हणून पार्किंगचा दर तासावर ठरलेला असावा लागतो, तोंड बघून नव्हे.

दर आणि ठेका

चारचाकी साधारण साडेबारा चौरस मीटर जागा घेते, दुचाकी फटी धरून दोन. म्हणजे सव्वासहा पट. दर मात्र बहुतेक ठिकाणी दुप्पट-चौपट ठेवतात, म्हणजे स्कूटरवाला मोटारवाल्याचं भाडं भरतो. दुचाकीला पहिल्या तासाला ५ रुपये ठेवायचे तर चारचाकीला ३० हे गणित आहे. दुसऱ्या तासाला तोच दर, तिसऱ्यापासून दुप्पट, म्हणजे दिवसभर लावणाऱ्याला महिना पास स्वस्त वाटला पाहिजे. पहिली दहा मिनिटं फुकट ही कल्पना कागदावर गोड आहे. जागेवर मात्र दर गाडीमागे "आत्ता तर आलो" हा वाद होतो आणि पावती फाडणारा शेवटी ओळखीच्यांना फुकट, अनोळख्याला पूर्ण असा स्वतःचा नियम काढतो. फुकट ठेवायचं तर पूर्ण फुकट ठेवा, नाही तर पहिल्या मिनिटापासून घ्या.

दर बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण: गर्दीच्या वेळी सातातली एक जागा रिकामी दिसली पाहिजे. कायम भरलेलं दिसलं तर दर कमी आहे किंवा वसुली होत नाही. तीन-चार रिकाम्या राहिल्या तर दर जास्त आहे.

ठेका दोन तऱ्हेने देता येतो. पहिली तऱ्हा: ठेकेदार पालिकेला वर्षाची ठरीव रक्कम देतो आणि वसुली स्वतःकडे ठेवतो. पालिकेला डोकेदुखी नाही, म्हणून हीच पद्धत आवडते. पण रक्कम भरून काढायला ठेकेदार पट्ट्याबाहेर दुसरी ओळ लावून घेतो, गर्दीच्या दिवशी पावतीविना दुप्पट मागतो, आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना कटवत नाही, उलट त्याला ती बिनकष्टाची कमाई. दुसरी तऱ्हा: वसुली थेट पालिकेच्या खात्यात, ठेकेदाराला माणसांचा आणि देखरेखीचा ठरीव मोबदला, पट्ट्याबाहेर गाडी सापडली की त्यातून कपात. इथे तो वसुलीत ढिला पडतो, म्हणून मोजणीचा कागद पुन्हा बाहेर काढावा लागतो: अचानक एका तासाची मोजणी करायची, जागेवरच्या गाड्या आणि त्या तासाच्या पावत्या जुळवायच्या. दहातल्या आठ जुळल्या तर ठीक. दुसरी तऱ्हा जास्त कटकटीची आहे आणि तरीही तीच घ्यावी.

एका माणसाच्या नजरेत पन्नास-साठ दुचाकी राहतात, त्यापुढे तो फक्त पैसे गोळा करतो. हातातल्या मशीनची पावती थर्मल कागदाची, उन्हात तापलेल्या टाकीवर किंवा डॅशबोर्डवर ठेवली की काळी पडते आणि वेळ वाचता येत नाही. पावतीवरचा नंबर आणि वेळ मशीनमध्येही राहील असं बघावं. क्यूआर कोड खांबावर चिकटवू नये, रात्रीत कुणी दुसरा चिकटवला तर महिनाभर कळत नाही. तो माणसाच्या गळ्यात असावा.

टोइंग

कलम १२७ प्रमाणे, मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस उभी असलेली गाडी हलवायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणजे टोइंगच्या टेम्पोवर पोलीस नसेल तर पोरांनी गाडीला हात लावायचा नाही. दंड कलम १७७ चा: महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५००, पुढच्या वेळी १५०० रुपये. टोइंगचा खर्च वेगळा.

उचलण्याआधी भोंग्यावरून नंबर पुकारायचा, दोन मिनिटं थांबायचं, चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, त्यात बोर्ड आला पाहिजे. मालक गाडी उचलायच्या आत आला तर फक्त दंड, टोइंगचे पैसे नाहीत. उचलल्यावर त्या जागी खडूने गाडीचा नंबर आणि ती कुठे नेली ते लिहायचं. हे खडूचं काम आळसाने राहतं, आणि मग माणूस गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस ठाण्यात जातो.

नुकसान कुठे होतं तेही ठरलेलं असतं. हँडल लॉक असताना पुढचं चाक ओढलं की लॉकची पिन वाकते. स्कूटर मागून पकडून उचलली की मडगार्ड आणि नंबरप्लेटचा ब्रॅकेट तुटतो. टेम्पोत गाड्या एकमेकींना टेकवल्या की आरसे जातात. चौघांनी दोन्ही चाकांजवळून उचलायची आणि मधे जुनी टायरट्यूब घालायची, एवढं केलं तर निम्म्या तक्रारी येत नाहीत. यार्ड बाजारापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत असावं. लांब यार्डला टेम्पो तासात एकच खेप करतो, आणि गाडीवाल्याला रिक्षाचा भुर्दंड पडतो तो निराळाच.

माल आणि तळघरं

मालाच्या गाड्यांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ सगळ्यांना सुचते, बाजार तेव्हा रिकामा असतो. उन्हाळ्यात त्या वेळी कापडाची गाठ पाठीवर घ्यायला कोणता हमाल येईल? सकाळी सात ते दहा हीच वेळ. अडचण अशी की दुकान उघडतं सव्वादहाला आणि किल्ली मालकाकडे. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा दुकानांनी मिळून सकाळी आठला एक माणूस ठेवला, पोचपावतीवर सही करायला आणि माल एका जागी उतरवून घ्यायला, तरच ही वेळ चालते. नाही तर छोटा हत्ती दहा ते अकरा गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत चालक निवांत तंबाखू मळत बसतो.

नव्या इमारतींच्या तळघरात मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंग असतं, जागेवर गोदाम असतं. मंजूर नकाशाची प्रत घेऊन जागा बघायची आणि वापर बदललेला असेल तर एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस द्यायची. पण मोकळं करून घेतलेलं तळघरही वापरलं जाईलच असं नाही. रॅम्प आठाला एकपेक्षा तीव्र असेल, त्यावर खाचा नसतील आणि पावसाचं पाणी खाली उतरत असेल, तर स्कूटरवर पोर घेऊन आलेली बाई तिथे जात नाही, आणि जाऊही नये. खाली उजेड आणि फोनला रेंज हवी, नाही तर पैसे भरायला माणूस वर येतो आणि रॅम्पवर रांग लागते.

जानेवारी

होम मैदान हे सगळ्यांचं राखीव उत्तर: गर्दी झाली की गाड्या तिकडे लावा. पण सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संक्रांतीच्या आगेमागे, नेमकं तेच मैदान पाळण्यांनी आणि स्टॉलनी भरलेलं असतं. सातही नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अक्षता सोहळ्याला आणि होमविधीला तोबा गर्दी असते, बाळी वेशीकडून मंदिराकडचे रस्ते तासन्‌तास बंद असतात. गड्ड्याच्या दिवसांत गल्लीतलं पार्किंग पूर्ण बंद ठेवून गाड्या शहराच्या तोंडाशीच थांबवाव्या लागतात: तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड, विजापूर रोड, होटगी रोड, प्रत्येक बाजूला एक मैदान, आणि तिथून आत शेअर रिक्षा. मैदान ठरवताना बाहेर पडायचे रस्ते दोन आहेत का ते आधी बघावं. शोभेचं दारूकाम संपलं की सगळे एकाच वेळी निघतात. एकाच फाटकाच्या मैदानातून पाचशे दुचाकी बाहेर काढायला, तासाला हजार गाड्या सुटल्या असं धरलं तरी, अर्धा तास जातो. चारचाकी आणि दुचाकींचं फाटक वेगळं ठेवावं, आणि चारचाकींची तोंडं आत लावतानाच बाहेरच्या दिशेला करून घ्यावीत.

महिना पास घेतलेल्या दुकानांना या दिवसांसाठी दुसरी जागा डिसेंबरमध्येच लेखी द्यायची. गड्डा उठून मैदान झाडून झालं की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच पॅड, तीच शटरं, त्याच २५ फेऱ्या. सोळा फेऱ्यांत दिसणारे नंबर गेल्या वर्षीचेच निघाले, तर पास कुणी घेतले आणि गाड्या कुणाच्या लागल्या ते दुकानाच्या नावानिशी कळतं.